वाघोलीतलं वाळवंट आणि थीम रिसॉर्टचा खरा हिशोब



व्हिडिओमध्ये आकडे फार पटापट गेले, म्हणून तेच आज सावकाश लिहून देतोय. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

आपल्या वाघोलीच्या बॅचला एक मुलगा आला होता. शिरूर तालुक्यात वडिलांची दोन एकर जमीन, स्वतः खराडीला नोकरी. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने मोबाईल पुढे केला. वाळूत उभारलेले पांढरे तंबू, आत आरशांचं काम, पितळी कंदील, साखळ्यांनी टांगलेला पलंग. म्हणाला, "सर, असा रिसॉर्ट टाकायचाय. वाळवंट थीम. पुण्याजवळ असं राहायला कुठे आहे? बँक वीस लाखांना तयार आहे, जमीन तारण ठेवायची."

मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कारण अशाच एका तंबूत मी स्वतः एक रात्र काढली होती, आणि त्या रात्रीचे पैसे मला अजून टोचतात. तो किस्सा आधी सांगतो.

घरची मंडळी घेऊन जैसलमेरला गेलो होतो. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथे वाळूच्या टेकड्या, आणि टेकड्यांच्या कडेने एकाला एक लागून तंबूंचे कॅम्प. त्यातला जरा महागातला आम्ही घेतला. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. आत शिरल्या शिरल्या बायको म्हणाली, "अहो, हे तर सिनेमातलंच आहे!" खरंच होतं. जुन्या दरवाज्याचं टेबल केलेलं, उंटाच्या खोगिराचं स्टूल, छताला रंगीत कापडाची झालर, बाथरूममध्ये पितळेचं घंगाळ. मुलीने पहिल्या दहा मिनिटांत चाळीस फोटो काढले असतील.

अकराव्या मिनिटाला पंचाईत सुरू झाली. ओला टॉवेल टांगायला अख्ख्या तंबूत एक खुंटी नाही. भिंतभर आरशाचे तुकडे, पण भांग पाडायला एक आरसा नाही. साडेपाचला उंटावरून सूर्यास्त, सातला नाच, साडेआठला जेवण. नऊच्या सुमारास कलाकार सामान बांधून पुढच्या कॅम्पला निघून गेले. आणि मग काहीच नाही. थंडी आणि अंधार. मुलगी विचारते, "बाबा, आता काय करायचं?" मोबाईल हातात घेतले तर रेंज नाही. सकाळी गरम पाणी "अभी आ रहा है" म्हणत म्हणत साडेआठपर्यंत आलंच नाही.

त्या रात्री आभाळ चांदण्यांनी नुसतं भरलं होतं. एक माणूस, एक सतरंजी आणि चार गोष्टी एवढं असतं, तरी ती रात्र आम्ही जन्मभर लोकांना सांगितली असती. पण तो माणूस त्यांच्या बजेटमध्ये नव्हता. पितळेचं घंगाळ होतं.

आता वाघोलीत या

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, वाघोली म्हणजे पुण्याहून नगर रोडने निघालं की खराडीच्या पुढचं गाव. दगडखाणी आणि क्रशरसाठी ओळखलं जायचं. २०२१ साली महापालिकेत आलं. आता टॉवर, ट्रॅफिक आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. सरदार पिलाजीराव जाधवरावांची समाधी इथे वाघेश्वर मंदिरापाशी आहे. पण घरी पाहुणे आले की पुणेकर त्यांना समाधीला नेत नाहीत, चोखी ढाणीला नेतात. म्हणजे थेट राजस्थानात. (आपल्या दारातला इतिहास आपण विकत नाही आणि दुसऱ्याचं गाव तिकीट काढून बघतो, हा विषय मला छळतो. पण तो पुढे कधीतरी.)

चोखी ढाणी मूळ जयपूरची. टोंक रोडवर १९८९ साली सुरू झाली. 'चोखी' म्हणजे चांगली, आपल्या 'चोख'च्या नात्यातला शब्द. 'ढाणी' म्हणजे वस्ती, आपण वाडी म्हणतो तसं. राजस्थानातल्या खेड्यातली एक संध्याकाळ एका आवारात उभी करायची, ही कल्पना. आज जयपूरच्या आवारात मोठा रिसॉर्ट आहे, मातीच्या झोपड्यांसारख्या दिसणाऱ्या खोल्या आहेत, हवेलीसारख्या खोल्या आहेत. पण क्रम नीट बघा. सुरुवात जेवणाने झाली. राहायच्या खोल्या नंतर आल्या. हा क्रम वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

वाघोलीतल्या चोखी ढाणीत मी सात-आठ वेळा तरी गेलोय, त्यातल्या दोन वेळा फक्त धंदा बघायला. दारात टिळा आणि "राम राम सा". आत कंदिलांचा उजेड, सारवलेल्या भिंती, त्यांवर पांढरी चित्रं. एका बाजूला कठपुतळी, एका बाजूला कालबेलिया नाच. (कालबेलियांची गाणी आणि नाच २०१० साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलेत, हे कितीतरी जणांना माहीत नसतं.) उंट, बैलगाडी, मेंदी, जादूवाला. मग जेवण. आम्ही घरचे सात जण होतो तेव्हा मी मुद्दाम घड्याळ लावलं. एका जागी वीस मिनिटांच्या वर आम्ही थांबलोच नाही. माझ्या सासूबाई, वय सत्तर, गुडघे दुखतात, त्यासुद्धा "ते पलीकडे काय चाललंय बघू" म्हणत चालत होत्या.

म्हणजे बघा, सममध्ये खरी वाळू होती, खरं चांदणं होतं, आणि आम्ही कंटाळलो. वाघोलीत वाळवंटाचा पत्ता नाही, पलीकडे क्रशर आणि टँकर, आणि तिथे आम्हाला घड्याळ बघायला वेळ नव्हता.

पाहुणा पैसे देतो ते या भरलेल्या तासांचे. सजावट बघून तो दारातून आत येतो, पण घरी जाऊन काय सांगेल हे आतल्या तासांवर ठरतं. थीम रिसॉर्ट टाकणारे दहातले नऊ जण भिंतीची नक्कल करतात, तासांची करत नाहीत. भिंतीचा फोटो निघतो ना, म्हणून.

त्या संध्याकाळीच्या मागे काय चालतं

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघू. तिकीट दारात घेतात, आणि त्यातच जेवण आणि बहुतेक खेळ धरलेले असतात. म्हणजे पैसे आधी, सेवा नंतर. शंभर माणसं आत गेली की स्वयंपाकघराला आकडा कळला.

जेवण बघा. दाल, बाटी, चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी, कढी, ताक. यात टिकणारा माल किती आहे मोजा. डाळ, गव्हाचं पीठ, बेसन, बाजरी, गूळ. केर आणि सांगरी तर वाळवूनच ठेवतात. केर म्हणजे वाळवंटी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. वाळवंटात भाजीपाला आणि पाणी दोन्ही कमी, म्हणून तिथल्या बायकांनी बसवलेला हा स्वयंपाक आहे. धंद्यासाठी त्याचा अर्थ असा की शनिवारी माणसं कमी आली तर माल सडत नाही, पुढच्या आठवड्यात चालतो. मेनू एकच, त्यामुळे ऑर्डर घेणं नाही, "हे नको ते आणा" नाही. महाग एकच गोष्ट, तूप. आणि तिथेच ते हात सैल सोडतात. आग्रह करकरून वाढतात, राजस्थानात त्याला मनुहार म्हणतात. पाहुणा घरी जाऊन तुपाचंच सांगतो. पन्नास रुपयांचं तूप जाहिरातीचं काम करतं.

तिसरी गोष्ट माझ्याही उशिरा लक्षात आली. हा सगळा खेळ अंधार पडल्यावरचा आहे. कंदिलाच्या उजेडात साधी सारवलेली भिंतसुद्धा देखणी दिसते. तीच भिंत सकाळी सातला, चहाचा कप हातात घेऊन, चष्मा लावून पाहुणा बघतो तेव्हा पोपडे दिसतात, वायर दिसते, प्लास्टिकची टाकी दिसते. संध्याकाळीचा धंदा आणि मुक्कामाचा धंदा यांत हा फरक आहे. मुक्कामात बाथरूम आलं, गादी आली, चादरीची धुलाई आली, रात्री दोनला मच्छर आले, सकाळचं गरम पाणी आलं. यातलं एक फसलं की आदल्या संध्याकाळीचा नाच पाहुणा विसरतो. माझंच उदाहरण घ्या. समचा नाच चांगला होता, मला खुंटी आठवते.

मग मुक्काम करूच नये का? तसं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्स नावाचं वाळवंटातलं शहर आहे. तिथे 'पार्कर' नावाचं हॉटेल आहे, लहरी सजावटीसाठी प्रसिद्ध. १९५९ साली ते हॉलिडे इन म्हणून बांधलं गेलं. पुढे काऊबॉय सिनेमातला गायक-नट जीन ऑट्री याच्याकडे गेलं, नंतर टीव्हीवाला मर्व ग्रिफिन याच्याकडे. २००४ साली ते 'पार्कर' झालं, आणि आतली सजावट केली जोनाथन अ‍ॅडलर याने. हा माणूस मूळचा कुंभारकाम करणारा, मातीची भांडी घडवत वर आलेला. त्याने काय केलं? दर्शनी बाजूला नक्षीची पांढरी जाळीदार भिंत आणि भडक नारिंगी दरवाजे. लॉबीत लोखंडी चिलखत. आवारात काशाचं भलंमोठं केळं. जागोजाग अशी वस्तू की माणूस थांबून हसतो.

पण मला त्यातलं सगळ्यात हुशारीचं काय वाटतं सांगू? आवारातला लिंबू-सरबताचा ठेला, झाडांमध्ये बांधलेल्या झोळ्या, आणि पेटांक खेळायची जागा. पेटांक म्हणजे लोखंडी गोळे फेकायचा फ्रेंच खेळ, आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ समजा. या तिन्हीला खर्च तो किती? पण दुपारी बारा ते पाच, जेव्हा वाळवंटात बाहेर काहीच करता येत नाही, ते पाच तास या गोष्टी भरून काढतात. पाहुण्याला "आता काय?" हा प्रश्न पडत नाही. काशाचं केळं सगळ्यांना दिसतं, सरबताचा ठेला धंदेवाल्याने बघायचा.

आणखी एक लक्षात घ्या. इमारत जुनीच होती, मालक आणि नावं बदलत गेली. कच्छच्या रणात धोरडोला तंबूंचं गाव वसतं, तेही हंगामापुरतं, नंतर तंबू निघतात. बांधकामात पैसा अडकवायची घाई सगळ्यांनाच करावी लागत नाही.

आता वीस लाखांचा हिशोब

त्या मुलाचा कागद असा होता. सहा तंबूवजा खोल्या, प्रत्येकी साडेतीन लाख, म्हणजे २१ लाख. स्वयंपाकघर, बोअर, कुंपण, रस्ता, सजावट मिळून ९ लाख. एकूण ३० लाख. दहा घरचे, वीस बँकेचे. त्याने धरलेली कमाई: सहा खोल्या, ३,५०० रुपये रात्रीला, महिन्यात साठ टक्के भरलेल्या, म्हणजे ३ लाख ७८ हजार महिन्याला. कागदावर सुंदर.

मी त्याला कॅलेंडर घ्यायला लावलं. "तुझ्याकडे मंगळवारी कोण येणार?" तो गप्प. ही जागा वाघोलीच्या पुढे चाळीस किलोमीटर. वाघोलीतल्या धंद्याला खराडी, विमाननगर, मगरपट्टा जवळ. ऑफिसची पार्टी बुधवारीही येते, विमानतळावरून आलेला पाहुणाही येतो. याच्याकडे येणार शनिवार धरून येणारी कुटुंबं. मग आम्ही नव्याने मांडलं.

महिन्यातले चार शनिवार, सहाही खोल्या भरल्या: २४. चार शुक्रवार, निम्म्या भरल्या: १२. उरलेल्या बावीस दिवसांत मिळून, जरा उदार होऊन, ११. एकूण ४७ रात्री. सहा खोल्यांच्या महिन्याच्या १८० रात्री असतात, म्हणजे सव्वीस टक्के. कमाई १,६४,५००.

खर्च आता. निम्म्या बुकिंगा मोबाईल अ‍ॅपवरून आल्या आणि कमिशन अठरा टक्के धरलं तर १४,८००. खोलीत दोन माणसं, माणशी ३०० रुपयांचं जेवण-नाश्ता-चहा, २८,२००. आचारी २०,०००, दोन मदतनीस २८,०००, राखण आणि बाग बघणारं जोडपं २०,०००. वीज, गॅस, धुलाई, डिझेल २२,०००. दुरुस्ती १०,०००. बेरीज करा, १,४३,०००. हातात राहिले २१,५००.

आणि हप्ता? वीस लाख, अकरा टक्के, सात वर्षं. महिन्याला साधारण ३४,२००.

दर महिन्याला १२,७०० खिशातून. आणि हा चांगला महिना आहे बरं का. एप्रिल-मे महिन्यांत शिरूर भागात तंबूत दुपारी कोण झोपणार? राजस्थानात खुद्द समचे बहुतेक कॅम्प ऑक्टोबर ते मार्च एवढ्यावरच चालतात. वाळवंट थीम म्हणून आपण उन्हाळ्यात गरम तंबू विकू शकत नाही.

तो कागद बघून मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी वडिलांना सांगून बसलोय." हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. जमिनीचा सातबारा बँकेत जायचा होता, आणि अडकला होता तो "सांगून बसलोय" या शब्दात. मी म्हटलं, वडिलांना घेऊन ये.

वडील आले. पांढरा पायजमा, टोपी, हातात पिशवी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं वाळवंट नाही. आमच्याकडं ज्वारी हाय." मी त्यांना विचारलं, ज्वारीवर किती वेळ बोलाल? तर पाऊण तास बोलले. हुरड्याला सुरती बरी की गूळभेंडी, भाकरीला मालदांडी का, आगटीला गोवऱ्या कुठल्या, कणीस कधी काढायचं. आख्खी बॅच ऐकत बसली होती. समच्या तंबूत जो माणूस मिळाला नव्हता, तो माझ्यासमोर पिशवी घेऊन बसला होता.

मग दुसरा कागद केला. खोल्या नाहीत, मुक्काम नाही. हंगामातल्या शनिवार-रविवारच्या आठ संध्याकाळी, दुपारी चार ते रात्री साडेनऊ, तिकीट ६०० रुपये. शेतात फेरी, आगटीवर हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. अंधार पडला की वासुदेव, भारूड. लेझीम पाहुण्यांच्याच हातात द्यायची. मग पंगत, पिठलं-भाकरी, ठेचा, आमटी, लोणी. मेनू एकच, माल बहुतेक टिकाऊ, तिकीट आधी. वाघोलीच्या ढाणीतला क्रम घेतला, राजस्थान घेतलं नाही. कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. तमाशाची बुकिंग जिथे चालते ते नारायणगाव शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. बाहुल्याच हव्या असतील तर सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाची कळसूत्री परंपरा आहे, जयपूरला जायला नको.

हिशोब: जेवण माणशी १७०. कलाकार संध्याकाळी ६,०००, आठ वेळा ४८,०००. गावातलेच आठ मदतनीस, ६०० रुपये रोज, ३८,४००. आचारी १,५०० प्रमाणे १२,०००. वीज, मांडव, किरकोळ १५,०००. म्हणजे जेवण सोडून ठरलेला खर्च १,१३,४००. एका तिकिटात जेवण जाऊन उरतात ४३०. भागा: १,१३,४०० भागिले ४३०, साधारण २६४ माणसं. आठ संध्याकाळींवर वाटा, दर संध्याकाळी ३३.

तेहतीस हा आकडा त्या मुलाने मोबाईलच्या वॉलपेपरवर टाकला. पंचवीसच आले तर महिन्याला २७,४०० तोटा. चाळीस आले तर २४,२०० नफा. नफा पहिल्या स्वप्नाच्या मानाने किरकोळ आहे, मान्य. पण इथे गुंतवणूक चार लाखांच्या आत, आणि तोटा व्हायला लागला तर पुढच्या शनिवारी थांबवता येतो. बँकेचा हप्ता असा शनिवारी थांबत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण विकताय म्हणजे एफएसएसएआय हवं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी आलाच, सीएला आधीच विचारा. आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. हा कायदा आहे, शेजारी तक्रार करायची वाट बघू नका.

पुढे काय झालं

डिसेंबरात सुरू केलं. पहिल्या शनिवारी एकवीस माणसं, त्यातली सहा त्याच्याच ऑफिसची. दुसऱ्या आठवड्यात सव्वीस. जानेवारीत अडतीस, मग चव्वेचाळीस. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बावन्न आले, भाकऱ्या कमी पडल्या, तिघी बायका रात्री साडेदहापर्यंत थापत होत्या. पहिल्या महिन्यात तोटा झाला, हे तो लपवत नाही, बॅचमध्ये येऊन सांगतो.

मी त्याला एक वही घालून दिली होती. जो पाहुणा जाताना "राहायची सोय आहे का?" विचारेल, त्याची नोंद. तारीख, वार, माणसं किती, मुलं आहेत का, किती पैसे द्यायला तयार. एवढंच. फेब्रुवारीच्या शेवटी वहीत एकोणीस नोंदी होत्या, त्यातल्या चौदा शनिवारच्या, आणि बहुतेकांबरोबर लहान मुलं. का राहायचंय हेही तो विचारायचा. उत्तर जवळजवळ एकच. साडेनऊनंतर वडील बाज टाकून मृग नक्षत्र दाखवत, पेरणीच्या जुन्या गोष्टी सांगत बसायचे, स्पीकर नाही, दिवे मालवलेले, आणि मुलांना तिथून उठायचं नसायचं. हा कार्यक्रम तिकिटात नव्हताच. तो सुरू झाला कारण वडिलांना नऊला झोप येत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. सहा नाही, दोन खोल्या काढतोय. जुना गोठा पडून होता, त्याच्याच भिंती घेतोय. कर्ज नाही. भिंत सारवायची, बाहेरून गोठाच दिसू द्यायचा, आत पक्कं बाथरूम आणि सोलरचं गरम पाणी. आरसा मोठा. गव्हाणीचा बाक करतोय म्हणाला, मला आवडलं.

मग म्हणाला, "सर, खुंट्या कुठे ठोकू?"

मी म्हटलं, दरवाज्यामागे दोन, बाथरूममध्ये तीन, आणि एक बाजेच्या उशाशी, चष्म्याची पिशवी अडकवायला.